एका घरांतील दोन संगणक व त्यांचा दुभाषी

इतिहास म्हटला म्हणजे राज्यांचे उदयास्त, लढाया आणि तह एवढेंच बहुधा आपल्या डोळ्यांपुढें येतें. परंतु ज्या तहांमुळें आपलें रोजचें काम चालतें, त्यांपैकीं कित्येक कोणत्याहि बखरींत नमूद नाहींत. घरांत दोन संगणक असावे, एकावर विंडोज व दुसऱ्यावर लिनक्स किंवा मॅकिंटॉशची प्रणाली असावी, आणि एकावर लिहिलेला मजकूर दुसऱ्यावर बिनतक्रार उघडावा, ही गोष्ट आज इतकी साधी झाली आहे कीं, तिच्या मागें कांहीं इतिहास असेल अशी शंकाहि कोणास येत नाहीं. वस्तुतः या साध्या गोष्टीसाठीं तीस-चाळीस वर्षें झटापट झाली, न्यायालयापर्यंत वाद गेले, आणि आपल्या मराठी लेखनाचें भवितव्यहि तींत कांहीं अंशीं गुंतलेलें होतें. प्रस्तुत लेखांत तो इतिहास थोडक्यांत सांगून, घरांतील कागदपत्रांवर अखेर सत्ता कोणाची, घरधन्याची कीं यंत्र करणाऱ्याची, या प्रश्नाचा विचार करण्याचा आमचा उद्देश आहे.

प्रथम ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय हें सांगितलें पाहिजे. संगणकाचें यंत्र हा केवळ वाडा होय. त्यांत कोणती वस्तु कोणत्या कोठारांत ठेवावयाची, कोणास आंत घ्यावयाचें, कोणत्या नोकरास केव्हां बोलवावयाचें, हा सर्व कारभार पाहणारा कारभारी म्हणजे ही प्रणाली. या कारभाऱ्यांचीं जीं घराणीं आज नांदत आहेत, तीं निरनिराळ्या काळीं व निरनिराळ्या गरजांतून निघालीं. युनिक्स हें त्यांत सर्वांत जुनें. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं त्याचा पाया घातला. त्या काळीं यंत्र महाग व वापरणारीं माणसें पुष्कळ. म्हणून एकाच यंत्रावर अनेकांनीं एकाच वेळीं काम करावें व कोणीं कोणाची फाईल पाहावी यास मर्यादा असावी, अशी या घराण्याची रीत पडली. १९८१ सालीं आयबीएम कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक बाजारांत आणला व त्याकरितां मायक्रोसॉफ्टनें डॉस ही प्रणाली पुरविली. येथें माणूस एक, यंत्र एक. तेव्हां परवानगीचा व पहाऱ्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. १९८४ च्या जानेवारींत ॲपलचा मॅकिंटॉश आला व त्यानें आज्ञा लिहिण्याच्या ऐवजीं चित्रांवर माउसनें बोट ठेवण्याची चाल सामान्य लोकांत रूढ केली. १९८५ सालीं विंडोजची पहिली आवृत्ति निघाली. आणि १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें युनिक्सच्या धर्तीवर, पण स्वतंत्रपणें, लिनक्सचा गाभा लिहून तो जगास खुला केला. यांपैकीं कोणत्याहि घराण्याच्या मूळ पुरुषांनीं, आपल्या यंत्रास पुढें शेजारच्या यंत्राशीं एकाच घरांत संसार करावा लागेल, अशी कल्पना केली नव्हती.

त्यामुळें भेद पडले, आणि ते बहुधा क्षुल्लक बाबतींत पडले. ओळीचा शेवट कसा दाखवावा हीच गोष्ट घ्या. जुन्या टेलिप्रिंटरवर ओळ संपली म्हणजे दोन क्रिया कराव्या लागत: छापणारा गाडा डाव्या कडेस परत आणणें ही एक, व कागद एक ओळ पुढें सरकविणें ही दुसरी. १९६३ सालीं अमेरिकेंत ठरलेल्या ॲस्की नामक अक्षरसंकेतांत या दोन क्रियांस १३ व १० असे दोन स्वतंत्र आंकडे मिळाले. युनिक्समध्यें १० ही एकच खूण पुरेशी मानली गेली. मॅकिंटॉशनें १३ ही ठेविली. डॉसनें जुन्या वळणास अनुसरून दोन्ही ठेविल्या. परिणाम असा झाला कीं, युनिक्सवर लिहिलेलें पत्र विंडोजमधील नोटपॅड या साध्या लेखनसाधनांत उघडलें तर सगळा मजकूर एकाच लांबलचक ओळींत दिसे; आणि विंडोजवरील पत्र युनिक्सवर नेलें तर प्रत्येक ओळीच्या टोकास एक अनोळखी खूण लोंबत राही. मॅकनें २००१ सालीं युनिक्सच्या पायावर उभारलेली नवी प्रणाली स्वीकारली तेव्हां तो १० या खुणेकडे वळला. नोटपॅडला मात्र युनिक्सची ओळ ओळखूं लागण्यास २०१८ साल उजाडावें लागलें. डॉसच्या जन्मापासून मोजलें तर हा ओळीच्या शेवटाचा तंटा सदतीस वर्षें चालला.

नांवांचीहि तीच गोष्ट. डॉसमध्यें फाईलच्या नांवास आठ अक्षरें व पुढील शेपटास तीन, एवढीच जागा. ती अडचण १९९५ च्या विंडोजमध्यें सुटली. युनिक्समध्यें रोमन लिपींतील मोठीं व लहान अक्षरें भिन्न मानतात, विंडोजमध्यें सामान्यतः एकच मानतात. म्हणून युनिक्सच्या एका फोल्डरांत सुखानें नांदणाऱ्या दोन फायली विंडोजकडे नेल्या म्हणजे त्यांतील एक दुसरीची जागा बळकावते. मार्गाचे टप्पे दाखविणारी तिरपी रेघ एका घराण्यांत उजवीकडे झुकते, दुसऱ्यांत डावीकडे. १९८३ सालीं डॉसमध्यें फोल्डरांची सोय झाली तेव्हां युनिक्सची रेघ तेथें आधींच दुसऱ्या कामास लावलेली होती, एवढेंच त्याचें कारण. मॅकिंटॉशच्या पहिल्या फ्लॉपीचा फिरण्याचा वेग जागेप्रमाणें बदलत असे. त्यामुळें आकारानें अगदीं सारखी दिसणारी तबकडी दुसऱ्या घराण्याच्या यंत्रास वाचतांच येत नसे. १९८८ सालीं ॲपलनें नवा ड्राईव्ह काढला तेव्हां कोठें डॉसची फ्लॉपी मॅकमध्यें चालूं लागली.

आमच्या वाचकांस ही स्थिति समजण्यास मिरज स्टेशनाचें उदाहरण पुरेसें आहे. १९७१ सालीं पुण्याकडील मार्ग ब्रॉडगेज झाल्यावर तेथें १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज, एक मीटरचा मीटरगेज व ७६२ मिलिमीटरचा नॅरोगेज असे तिन्ही मापांचे रूळ कांहीं काळ एकत्र येत होते. माल तोच, धनी तोच. परंतु एका गाडींतून उतरवून दुसरींत भरल्यावांचून तो पुढें जात नसे. दोन प्रणाली बाळगणाऱ्या घराचा कर्ता असाच बराच काळ हमालाचें काम करीत होता. एका यंत्रांतून फ्लॉपी काढावी, दुसऱ्यांत घालावी, आणि वाटेंत काय सांडलें तें पाहावें, हा त्याचा नित्यक्रम होता.

या हमालींतून सुटण्याचा उपाय म्हणजे दोन यंत्रें तारेनें जोडणें. पण तार जोडली कीं संभाषण सुरू होतें असें नाहीं. भाषा ठरावी लागते. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें १९८४ सालीं युनिक्सच्या यंत्रांसाठीं एनएफएस नांवाची भाषा काढली, व १९८९ सालीं तिचें वर्णन इंटरनेटच्या सार्वजनिक दस्तऐवजांत प्रसिद्ध झालें. इकडे आयबीएममध्यें बॅरी फायगेनबॉम यांनीं त्याच दशकाच्या आरंभीं एसएमबी ही दुसरी भाषा रचली. ती मायक्रोसॉफ्टनें पुढें वाढविली व विंडोजच्या प्रसाराबरोबर ती कचेऱ्याकचेऱ्यांत पोहोंचली. दोन्ही भाषांचा हेतु एकच: दूरच्या यंत्रावरील फाईल जवळच्या फाईलप्रमाणें वापरतां यावी. परंतु एक बोलणाऱ्यास दुसरी कळत नव्हती.

या दोहोंमधील दुभाषी ऑस्ट्रेलियांत जन्मास आला. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटींत अँड्र्यू ट्रिजेल हे संशोधक विद्यार्थी होते. १९९१ च्या अखेरीस त्यांस आपल्या डॉसच्या यंत्रावरून युनिक्सच्या मोठ्या यंत्रावरील जागा वापरावयाची होती, आणि त्यांचा एक कार्यक्रम अशा ठिकाणीं अडून बसला होता कीं, तेथें एनएफएसचा उपयोग होईना. तेव्हां त्यांनीं तारेवरून जाणारीं पाकिटें टिपून घेणारा एक छोटा कार्यक्रम लिहिला; कोणत्या प्रश्नास कोणतें उत्तर जातें हें पाहिलें; आणि तींच उत्तरें देणारा एक सर्व्हर युनिक्सवर बसविला. डॉसच्या यंत्रास आपण युनिक्सशीं बोलत आहों याचा पत्ताहि लागला नाहीं. आपण जी भाषा शिकलों तिचें नांव एसएमबी आहे, हें स्वतः ट्रिजेल यांसहि त्या वेळीं ठाऊक नव्हतें. १९९२ च्या आरंभीं त्यांनीं तें काम प्रसिद्ध केलें, कांहीं चुका सुधारल्या, आणि दुसऱ्या उद्योगास लागले.

पुढें सुमारें दोन वर्षांनीं जें घडलें तें आमच्या विषयाच्या दृष्टीनें विशेष महत्त्वाचें आहे. ट्रिजेल यांच्या घरीं पत्नीचा संगणक विंडोजवर चाले व त्यांचा स्वतःचा लिनक्सवर. हीं दोन यंत्रें जोडावीं असें त्यांच्या मनांत आलें, व दुसरें साधन हाताशीं नसल्यामुळें त्यांनीं आपलाच जुना सर्व्हर लावून पाहिला. तो चालला, आणि तो चालल्याचें त्यांस स्वतःसच आश्चर्य वाटलें. त्यानंतर तें अर्धवट टाकलेलें काम पुन्हा हातीं घेतलें गेलें. आज ज्या साधनावर मोठमोठ्या कचेऱ्यांचे फाईल-सर्व्हर चालतात, त्याचा दुसरा जन्म असा एका नवराबायकोच्या दोन यंत्रांमधून झाला.

त्याचें नांवहि मजेदार रीतीनें पडलें. पहिलें नांव दुसऱ्या एका कंपनीच्या मालाशीं जुळत असल्यामुळें टाकावें लागलें. तेव्हां ट्रिजेल यांनीं युनिक्सवरील इंग्रजी शब्दांच्या यादींत एस, एम व बी हीं अक्षरें याच क्रमानें असणारे शब्द शोधले व त्यांतून सांबा हा निवडला. आमच्याकडील एकाद्या भाविकास त्यावरून सांब सदाशिवाचें स्मरण होईल. पण मूळ शब्द ब्राझील देशांतील नृत्याचा आहे.

येथें एक शंका निघण्याचा संभव आहे. दुसऱ्याचें संभाषण ऐकून त्याची भाषा उचलणें ही चोरी नव्हे काय? ट्रिजेल यांनीं आपली रीत समजावून देतांना फ्रान्समधील उपाहारगृहाचा दृष्टांत दिला आहे. भाषा न जाणणारा मनुष्य तेथें बसला, तर शेजारच्या मेजावरील गिऱ्हाईक कोणता शब्द उच्चारतें व वेटर काय आणून ठेवतो, हें पाहत पाहत त्यास मागणी करतां येऊं लागते. त्यानें स्वयंपाकघरांत शिरून पाककृतीची वही पळविलेली नसते. आम्हांस हा भेद योग्य वाटतो. कंपनीनें लिहिलेला कार्यक्रम हा तिच्या श्रमाचें फळ आहे व त्यावर तिचा हक्क आहे. परंतु दोन यंत्रांमधील बोलणें हें दोन पक्षांचें आहे, आणि त्यांतील एक यंत्र तर आपल्या घरचें आहे. आपल्या घरच्या यंत्राशीं कोणी काय बोलतें हें जाणण्याचा अधिकार घरधन्यास नाहीं, असें म्हणणें आमच्या मतें न्यायास धरून होणार नाहीं.

हाच वाद पुढें युरोपांत मोठ्या प्रमाणावर झाला. २००४ च्या मार्चमध्यें युरोपीय आयोगानें मायक्रोसॉफ्टला सुमारें ४९ कोटी ७० लक्ष युरो दंड केला, आणि इतरांचे सर्व्हर विंडोजशीं नीट बोलूं शकतील एवढी माहिती उघड करण्याचा हुकूम दिला. कंपनीनें दाद मागितली. परंतु १७ सप्टेंबर २००७ रोजीं युरोपीय न्यायालयानें माहितीसंबंधीं आयोगाचाच निर्णय मुख्यतः कायम केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत एका स्वतंत्र प्रतिष्ठानामार्फत, १० हजार युरो एकदांच भरून, सांबाच्या लेखकांस ते दस्तऐवज मिळाले. एक गोष्ट न्यायबुद्धीनें सांगितली पाहिजे: कंपनीचें म्हणणें सर्वस्वी पोकळ नव्हतें. भाषा एकदां प्रसिद्ध केली कीं तींत सुधारणा करण्याची मोकळीक कमी होते, व आपल्या संशोधनाचा लाभ प्रतिस्पर्ध्यास मिळतो, ही तिची भीति खरी होती. पण अनुभव काय सांगतो? दस्तऐवज मिळाल्यानंतर कंपनी बुडाली नाहीं. एसएमबीच्या नव्या आवृत्त्या निघतच राहिल्या, आणि ती भाषा अधिक घरांत शिरली. २००२ सालीं ॲपलनें सांबा आपल्या प्रणालींत घेतला होता. २०११ सालीं तो काढून स्वतःचा दुभाषी नेमला. आणि २०१३ सालीं तर आपली जुनी भाषा मागें सारून एसएमबीसच पहिलें स्थान दिलें.

तह एकदां झाला म्हणजे तो कायमचा टिकतो असें मात्र समजूं नये. २०१७ च्या मे महिन्यांत वॉनाक्राय नांवाचा घातक कार्यक्रम एसएमबीच्या पहिल्या आवृत्तींतील विंडोजच्या छिद्रांतून जगभर पसरला व इंग्लंडांतील इस्पितळांचें काम त्यानें बंद पाडलें. त्याच वर्षीं विंडोजच्या नव्या प्रतींत ती पहिली आवृत्ति बंद ठेवण्यास सुरुवात झाली. तें योग्यच झालें. परंतु ज्यांच्या घरीं केवळ तीच जुनी बोली जाणणारें एकादें यंत्र होतें, त्यांचें तें यंत्र एका दिवसांत मुकें झालें. यावरून दुभाष्यासहि शिकत राहावें लागतें, व सोय आणि सुरक्षितता यांचा मेळ पुनःपुन्हा घालावा लागतो, हें ध्यानांत येईल.

आतां आपल्या भाषेकडे वळूं. फाईल एका यंत्रांतून दुसऱ्यांत पोहोंचली, तरी तींतील मजकूर वाचतां आला पाहिजे. आणि मराठीच्या बाबतींत खरी अडचण येथेंच होती. पुण्यांत १९८८ सालीं सी-डॅक ही संस्था स्थापन झाली व भारतीय लिपींच्या कामांत तिनें पुढाकार घेतला; १९९१ सालीं इस्की हा भारतीय लिपींचा संकेत राष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाला. परंतु छपाईच्या धंद्यांत वेगळाच मार्ग रूढ झाला. फाँट करणाऱ्यांनीं रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरी अक्षरांचे तुकडे बसविले, आणि प्रत्येकाची बसवणूक निराळी. त्यामुळें एका यंत्रावर शुद्ध मराठी दिसणारा लेख, तो विशिष्ट फाँट नसलेल्या यंत्रावर नेला म्हणजे रोमन अक्षरें व विरामचिन्हें यांची निरर्थक खिचडी होऊन बसे.

१९९१ सालींच युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली, व तींतील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली होती. १९९२ सालीं थॉम्प्सन व रॉब पाइक यांनीं यूटीएफ-८ ही लेखनपद्धति बसविली. तींत प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात. विंडोज २००० मध्यें देवनागरी युनिकोडची सोय आली. आज एका घरांतील तिन्ही घराण्यांचीं यंत्रें एकच मराठी मजकूर वाचूं शकतात, हें या संकेताचें फळ होय. तथापि बारीक भेद तेथेंहि उरले. 'वाऱ्यावर' या शब्दांतील 'ऱ' हें आपलें खास अक्षर. युनिकोडमध्यें तें एका आंकड्यानें लिहितां येतें, किंवा 'र' व त्याखालील नुक्ता अशा दोन आंकड्यांनींहि लिहितां येतें. मॅकनें १९९८ सालीं आणलेल्या साठवणपद्धतींत फाईलच्या नांवांतील असें अक्षर आपोआप फोडून ठेवलें जाई; लिनक्स तें जसें लिहिलें तसें ठेवीत असे. त्यामुळें डोळ्यांस एकच दिसणारें नांव दोन यंत्रांस दोन भिन्न नांवें वाटत, व प्रती जुळवितांना एकाच लेखाच्या दोन फायली होत. ॲपलच्या २०१७ च्या नव्या पद्धतींत नांव लिहिल्याप्रमाणेंच ठेवलें जाऊं लागलें.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशास? सर्व घरांत एकच प्रणाली असती तर दुभाषी नको, तह नको. रेल्वेनेंहि १९९२ पासून बहुतेक रूळ एका मापाचे करण्याचें धोरण धरलेंच ना? हा युक्तिवाद सकृद्दर्शनीं बळकट आहे, परंतु दृष्टांत पुरा पटत नाहीं. रूळ सरकारचे होते व त्यांवरून कोणाचाहि माल जाऊं शकत होता. प्रणाली एकच झाली तर ती एकाच धन्याची होईल, आणि त्यानें भाडें वाढविलें किंवा जुनें दार बंद केलें, तर जाण्यास दुसरी वाट राहणार नाहीं. शिवाय घरांतील माणसांच्या गरजा भिन्न असतात: एकास हिशेब करावयाचे, दुसऱ्यास चित्रें, तिसऱ्यास यंत्राचें पोट उघडून शिकावयाचें. एकाच मराठी समाजानें शतकानुशतकें हिशेब व पत्रें मोडींत लिहिलीं आणि पोथ्या बाळबोधींत. तेणेंकरून भाषा दुभंगली नाहीं. पुण्याचें पेशवे दफ्तर आज थोड्यांसच वाचतां येतें हें खरें, पण मोडी ही सार्वजनिक लिपि आहे. जो शिकेल त्यास ती वाचतां येते, व तिची किल्ली कोणाच्याहि तिजोरींत बंद नाहीं. याच्या उलट, विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत खाजगी फाँटांत जुळविलेला मराठी मजकूर योग्य परिवर्तक हातीं नसेल तर वाचतां येत नाहीं. दोनशें वर्षांपूर्वींचें पत्र वाचतां यावें आणि तीस वर्षांपूर्वींचें वाचतां येऊं नये, ही स्थिति इतिहासाच्या अभ्यासकास चिंतेची वाटल्यावांचून राहणार नाहीं.

सारांश, एका घरांत दोन प्रणाली असणें हा दोष नाहीं. त्यांच्यामधील भाषा गुप्त असणें हा दोष आहे. या इतिहासापासून गृहस्थानें घ्यावयाचा बोधहि व्यावहारिक आहे. मराठी मजकूर युनिकोडमध्येंच ठेवावा. जपून ठेवावयाचे लेख साध्या मजकुराच्या फाईलींत, किंवा २००६ सालीं आंतरराष्ट्रीय मानक झालेल्या ओपन डॉक्युमेंटसारख्या प्रसिद्ध स्वरूपांत ठेवावे. दोन यंत्रांमध्यें फिरविण्याच्या डिस्कवर एक्सफॅट ही पद्धति वापरण्यास हरकत नाहीं. तिचें वर्णन मायक्रोसॉफ्टनें २०१९ सालीं प्रसिद्ध केल्यावर ती लिनक्सच्या गाभ्यांतहि आली आहे. आणि जुन्या फाँटांतील लेखन ज्यांच्या घरीं पडून असेल, त्यांनीं परिवर्तकें मिळत आहेत तोंवरच तें युनिकोडमध्यें आणून घ्यावें. आपल्या वाडवडिलांचे रुमाल वाळवीनें खाल्ले, त्यास इलाज नव्हता. या नव्या रुमालांच्या बाबतींत इलाज आपल्या हातांत आहे, आणि तो करण्यास एका रविवारची दुपार पुरेशी आहे.